एक मेल जास्त

१

तीन एप्रिलचा तो मेल माया शेडगेच्या मेलबॉक्समध्ये सापडला आणि त्याच दुपारी तिला कामावरून बंद केलं. चौदा वर्षांची नोकरी होती. खणातलं सामान पिशवीत भरायला वीस मिनिटंही लागली नाहीत.

मेल चार ओळींचा होता. आष्ट्याचे विक्रेते पृथ्वीराज यांनी लिहिलं होतं : "तुमच्या नव्या ब्लोअरच्या शाफ्टवरचं कव्हर चालू मशीनला सरकतंय. बोल्ट ढिला होतो. फिरता शाफ्ट उघडा पडून आमच्या गिऱ्हाइकाचा सदरा गुंडाळला गेला, थोडक्यात वाचला. फोटो जोडलाय. जीवाचं काम आहे, ताबडतोब बघा."

ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून द्राक्षबागेत औषध फवारायचं यंत्र. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लालासाहेब निकमांची कंपनी ते बनवते. चौदा मेला तासगावकडच्या एका बागेत त्याच ब्लोअरच्या शाफ्टात बिराप्पा नावाचा चोवीस वर्षांचा मजूर ओढला गेला. ट्रॅक्टर बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं.

मेल आला तीन एप्रिलला. माणूस मेला चौदा मेला. मधले एकेचाळीस दिवस कंपनीने काय केलं, हे पोलिसांनी विचारलं, आणि कंपनीने मायाकडे बोट दाखवलं : तक्रारी बघायचं काम हिचं, मेल हिच्याकडे आला, हिने वाचला आणि दाबून ठेवला.

जूनच्या मध्यावर, एका सकाळी माया विश्रामबागेत अर्जुना गडदेच्या दुकानात आली. अर्जुना मूळचा जतकडचा, मेंढरामागे वाढलेला. पलटणीत सिग्नलला बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडला, आणि आता सांगली-मिरजेच्या पंधरा-वीस लहान कंपन्यांचे कंप्युटर आणि मेल सांभाळत होता. या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला म्हणतात तसं त्यालाही सगळे मेजर म्हणत.

तिने नोटीस काउंटरवर ठेवली. नोटिशीला एक दाखला जोडला होता : जुन्या सर्व्हरवरचे सर्व मेल नव्या सर्व्हरवर जसेच्या तसे आणले आहेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"मेजर, ही सही तुमची?"

"माझीच हाय."

"मग तुम्हीच सांगा. जो मेल मी जन्मात पाहिला नाही, तो माझ्या मेलबॉक्समध्ये जसाच्या तसा आणलात कुठून?"

अर्जुनाने कागद उचलला. सही करताना त्याला चहा दिला होता, मालकाच्या मुलाने, वीरधवल साहेबांनी, पाठ थोपटली होती, एवढंच त्याला आठवलं.

२

कंपनीचे मेल हलवायचं काम निघालं ते बिराप्पाच्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आत. लालासाहेबांचा मुलगा वीरधवल, जो डिझाइन आणि कारखाना बघायचा, त्याने फोन केला होता. जुना सर्व्हर रडत-रखडत चालतो, नवा घेतलाय, महिनाअखेरीला सगळं हलवून टाका.

अर्जुनाने तेव्हा सांगितलं होतं, "नवीन चालू करा, पर जुना एक म्हैनाभर राहू द्या. कुणाचं काय राहिलं-साहिलं तर तिथं असतंय."

"कशाला? सोडलेल्या घराचं भाडं का भरायचं? सोमवारी संध्याकाळी बंद म्हणजे बंद."

गिऱ्हाईक म्हणेल ते. एकोणतीस मेच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने जुना सर्व्हर गोठवला, एकोणीस जणांच्या मेलबॉक्समधले, त्याच्या भाषेत डब्यांतले, मेल मोजले. शनिवार-रविवार सगळे नव्यावर उतरवले. सोमवारी सकाळी प्रत्येकाचा नवा पासवर्ड वेगवेगळ्या पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून दिला, आणि सांगितलं की आज दुपारी मी मोजदाद करेपर्यंत कुणी जुना मेल पुसू नका. दुपारी दोनला शुक्रवारपर्यंतचे मेल पुन्हा मोजले. जुन्यावर त्र्याऐंशी हजार चारशे सहा, नव्यावर त्र्याऐंशी हजार चारशे सहा. त्याने दाखला दिला. संध्याकाळी जुना सर्व्हर कायमचा बंद केला.

"सोमवारी तुमी पासवर्ड कवा घातलात?" त्याने मायाला विचारलं.

"दुपारी साडेतीनला. सकाळी नवापासून मी लालासाहेबांबरोबर तासगावच्या पोलीस ठाण्यात होते. जबाब द्यायला. पाकीट टेबलावर ठेवलेलं होतं."

"कसं होतं पाकीट?"

"कसं म्हणजे? पाकिटासारखं." ती जरा थांबली. "पिन मारलेली होती. घाईत उघडताना बोटात घुसली."

अर्जुनाला डिंकाची बाटली आठवली. त्याच्या दुकानात पिना मारायचं यंत्र कधीच नव्हतं.

"आन् तीन एप्रिलला?"

"एक ते दहा एप्रिल मी वाईला होते. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. तेवढे दिवस माझ्या तक्रारी स्वप्नाली बघत होती. परत आल्यावर मी विचारलं, काही विशेष? ती म्हणाली, नाही ताई, किरकोळच. पण आता कंपनी म्हणते, असं काही ठरलंच नव्हतं. त्या दिवसांचे मेलही तुमच्याकडेच येत होते, परत आल्यावर तुम्ही वाचले."

स्वप्नाली म्हणजे शेजारच्या टेबलावरची मुलगी. नवरा फौजेत, घरी सासू-सासरे आणि दोन पोरं. सहा वर्षांपूर्वी मायानेच तिला कंपनीत लावलं होतं, मेल कसा लिहायचा इथपासून शिकवलं होतं.

तक्रारी यायच्या त्या सेवा विभागाच्या पत्त्यावरचा मेल दहा दिवसांसाठी स्वप्नालीकडे वळवला होता की नव्हता, हे जुन्या सर्व्हरने एका झटक्यात सांगितलं असतं. कुठला मेल कुणाच्या डब्यात टाकला याची ओळ न ओळ तिथे होती. तो अर्जुनाने स्वतःच्या हाताने बंद केला होता. नव्या सर्व्हरवर कोण कधी शिरलं याची नोंद आठवडाभरच राहायची, आणि आता दोन आठवडे उलटले होते.

त्याच्याकडे उरल्या होत्या फक्त त्या दोन मोजण्या. त्याने लॅपटॉप उघडला. दोन्हीतली शेवटची ओळ त्याने त्या दिवशी पाहिली होती, बेरजेची. वरच्या एकोणीस ओळी पाहिल्याच नव्हत्या. आता तो बोट ठेवून एकेक नाव वाचत गेला आणि सातव्या ओळीवर थांबला.

माया शेडगे. जुन्यावर अकरा हजार दोनशे सात. नव्यावर अकरा हजार दोनशे आठ.

३

"एक जास्त," अर्जुना म्हणाला.

"पण बेरीज तर जमली होती ना?"

"जमली. म्हणजे कुठंतरी एक कमी असणार."

ते खाली खाली गेले. चौदाव्या ओळीवर सापडलं. स्वप्नालीच्या डब्यात जुन्यावर सहा हजार नऊशे बेचाळीस, नव्यावर सहा हजार नऊशे एकेचाळीस. बाकी सतरा जणांचे आकडे तंतोतंत.

मायाने खुर्ची मागे सरकवली. "दुसऱ्या कुणाचंही नाव चाललं असतं मला," ती म्हणाली.

अर्जुनाला दुसऱ्याचा डबा उघडता यायचा, सगळ्या डब्यांची किल्ली त्याच्याकडे होती. पण आतला मजकूर वाचायचा नाही, हा त्याचा पलटणीपासूनचा नेम. त्याने फक्त यादी काढली : तारखा, वेळा आणि नंबर.

"हे बघा. टपालाच्या आवक वहीगत असतंय. पत्रावर तारीख कुठलीबी असू द्या, नंबर पडतो तो आत आल्या क्रमानं. म्या सगळ्यांचे मेल जुन्यापासून नव्याकडं ओळीनं उतरवले. तर मग तीन एप्रिलचा मेल दोन आन् चार एप्रिलच्या मधी पायजे. हाय कुठं?"

यादीत तो पार खाली होता. मेच्या सगळ्या मेलांच्या खाली. त्याच्या आधीचा नंबर एका मेलचा होता, जो नव्या सर्व्हरवर सोमवारी सकाळी अकरा दहाला आला होता. नंतरचा नंबर अकरा चाळीसला आलेल्या मेलचा.

"म्हणजे सोमवारी अकरा दहा ते अकरा चाळीसच्या मधी कुणीतरी तो तुमच्या डब्यात आणून टाकला. तवा तुमी आन् लालासाहेब तासगावला पोलिसांसमोर बसला होता. तुमचं पाकीट ऑफिसात होतं."

 माया स्क्रीनकडे वाकली. "आणखी काय दिसतं?"

आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक ते दहा एप्रिल सेवा विभागाच्या पत्त्यावर आलेला एकही मेल मायाच्या डब्यात नव्हता, हा एक सोडून. त्याच दहा दिवसांतले असे चौदा मेल स्वप्नालीच्या डब्यात होते. एक तारखेचे, दोनचे, चारचे, पुढचे. तीन तारखेचा तेवढा नव्हता. आणि मायाच्या डब्यातल्या त्या मेलवर एक बारीक वाकडा बाण होता. मेल पुढे कुणाला तरी पाठवला की सर्व्हर असा बाण लावतो, आणि मेल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेला तरी तो बाण जात नाही.

"कुणाला पाठवला?"

"ते ह्यात न्हाई. पाठवलेली प्रत स्वप्नालीच्या डब्यात न्हाई. आन् सोमवारी काय पुसलं असतं तर बेरीज कमी भरली असती. म्हणजे ती प्रत शुक्रवारच्या आधीच पुसली."

"मग कुणाला पाठवला हे आता कधीच कळायचं नाही?"

अर्जुनाने लॅपटॉप मिटला. "मेल मुका झालाय. माणसं अजून बोलत्यात."

४

महिन्याची तपासणी आहे असं सांगून तो कुपवाडला गेला. ऑफिस सांभाळणाऱ्या राजनंदिनी मॅडम पन्नाशीच्या, शिस्तीच्या. पासवर्डची पाकिटं त्यांनीच वाटली होती आणि वहीत सह्या घेतल्या होत्या.

"शेडगेबाईंचं पाकीट?"

"स्वप्नालीनं घेतलं. म्हणाली, ताईंच्या टेबलावर ठेवते. ही बघा सही, दहा पन्नास." त्यांनी वही फिरवून दाखवली. "मेजर, मी नोटीस टाइप केली, पण रात्री मला जेवण गेलं नाही. माया असं करणारी नाही. तसं तोंडानं म्हणायची सोय नाही, एवढंच."

"त्या सोमवारी वीरधवल साहेब इथंच होते?"

"सकाळपासून. अकराच्या सुमाराला स्वप्नालीला केबिनमध्ये बोलावलं होतं. ती बाहेर आली ती डोकं दुखतंय म्हणून घरीच गेली."

स्वप्नाली आता मायाच्या टेबलावर बसत होती. अर्जुना समोर उभा राहिला तेव्हा तिने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"काय अडचण न्हाई ना नव्या मेलला?"

"नाही."

"एप्रिलात मायाताई वाईला होत्या, तवा तक्रारी कोण बघत होतं?"

"मला... लक्षात नाही."

"तुमच्या डब्यात चौदा हायत त्या दिवसांतल्या."

ती उठली. "मेजर, मला कामं आहेत हो," म्हणाली आणि प्रसाधनगृहाकडे चालायला लागली. 

वीरधवल केबिनमध्ये एकटाच होता. पस्तिशीचा, पुण्यात शिकलेला, बोलायला मऊ. त्याने चहा सांगितला.

"मायाताईंचं वाईट वाटतं हो. पण करणार काय? माणूस गेला."

"तो मेल वेळंवर वाचला असता तर जगला असता का वो तो पोरगा?"

"शंभर टक्के! त्या विक्रेत्यानं स्पष्ट कळवलंय. एक सोडून दोन मशीनला तोच प्रॉब्लेम. दोन मशीनला एकच बोल्ट ढिला होतो म्हटल्यावर कुणालाही कळेल की चूक डिझाइनमध्ये आहे. पण मेल माझ्यापर्यंत आला तर ना!"

अर्जुनाने कप खाली ठेवला. नोटिशीत छापलेल्या त्या चार ओळी त्याला एव्हाना पाठ झाल्या होत्या. त्यात एकाच मशीनचा उल्लेख होता.

तो उठत होता तेवढ्यात वीरधवल मागून म्हणाला, "मेजर, एक विचारू? मायाताई तुमच्याकडं आल्या होत्या म्हणे. जपून राहा. सगळ्यांचे डबे उघडता येणारा माणूस या कंपनीत एकच आहे. उद्या पोलिसांनी विचारलं, मेल कुणी हलवला असेल, तर मी कुणाचं नाव सांगू?"

५

आष्ट्याला पृथ्वीराजचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. पंप, पाइप, नळ्या, नोझल. तो स्वतः कपाळावर आठ्या घालून बसला होता. पेपरात बिराप्पाची बातमी वाचून त्यानेच आधी कंपनीला फोन करून झाडलं होतं, आणि मग आपला मेल पोलिसांना नेऊन दिला होता.

"आवं, म्या लिहिलं तवा एकच मशीन होतं. दुसरं दुसऱ्या दिवशी आलं. तेच, बोल्ट ढिला, कव्हर सरकलेलं. परत मेल कुठं लिहित बसू म्हणून फोन लावला."

"कंपनीत?"

"व्हय. चार तारखेला."

"कुणी उचलला?"

"एका पोरीनं. मायाबाई न्हवत्या, त्यांचा आवाज मला पाठ हाय. ती म्हणाली, ताई वाईला गेल्यात, मी लिहून वर कळवते. म्या म्हटलं, कळीव बाई, लगीच कळीव. ती म्हणाली, साहेबांना आत्ताच मेल करते."

"दुसऱ्या मशीनचं तुमी आणखी कुणाला सांगितलं? पोलिसांना? कंपनीला फोनवर झाडलं तवा?"

पृथ्वीराजने जरा विचार केला. "न्हाई. पोलिसांनी मेल मागितला, तेवढाच दिला. आन् त्या दिवशी फोनवर नुसत्या शिव्याच दिल्या म्या. दुसऱ्याचं फकस्त त्या पोरीलाच ठाऊक."

परत येताना अर्जुनाने मोटारसायकल रस्त्याच्या कडेला थांबवली. सोमवारी संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करण्यासाठी कुठलं बटण दाबलं ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं. "कायमचं पुसायचं का?" असं सर्व्हरने विचारलं होतं. त्याने हो म्हटलं होतं. त्याला वाटलं होतं, आपण सामान हलवतोय.

त्याने लालासाहेबांना फोन लावला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लालासाहेबांच्या केबिनमध्ये सगळे बसले. लालासाहेब सत्तरीचे, आयुष्य लोहारकामापासून सुरू केलेलं, अजूनही बोटं जाड आणि काळी. बाजूला वीरधवल. राजनंदिनी मॅडम वही घेऊन. स्वप्नाली दारापाशी. माया आली आणि सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसली.

अर्जुनाने दोन्ही मोजण्या टेबलावर ठेवल्या. एक जास्त, एक कमी. मग नंबरांची यादी, अकरा दहा ते अकरा चाळीस. मग ते चौदा मेल. मग पाकिटाची सही, दहा पन्नास, आणि डिंकाच्या पाकिटाला लागलेली पिन. लालासाहेबांनी चष्मा लावून प्रत्येक कागद पाहिला.

"पुसूनच का टाकला न्हाई मग?" त्यांनी विचारलं.

"कारण विक्रेत्याकडं त्याची प्रत होती. मेल कंपनीत आला हे झाकणार न्हवतंच. प्रश्न एवढाच होता, आला तर कुणाकडं आला. जुन्या सर्व्हरवर त्याचं उत्तर लिवलेलं होतं, म्हणून त्यो घाईनं बंद करायचा होता. आन् नव्या पासवर्डांची पाकिटं एक सकाळभर ऑफिसात पडून राहणार होती. ते सगळं म्याच जुळवून दिलं."

"सुंदर," वीरधवल म्हणाला. "पण हे कागद कुणी काढले? यांनीच. सगळे डबे कुणाला उघडतात? यांना. स्वतःची चूक झाकायला कुणीही असे कागद काढील."

"खरं हाय," अर्जुना म्हणाला. "मलाबी जमलं असतं. पर काल तुमी मला म्हणाला, दोन मशीनला तोच प्रॉब्लेम. मेलात एकच मशीन हाय, साहेब. दुसरं पृथ्वीराजनं चार तारखेला फोनवर सांगितलं, एका पोरीला. तिनं तो मेल पुढं पाठवताना वर एक ओळ लिवली असणार. ती ओळ वाचल्याबिगर तुमाला दुसरं मशीन ठाऊक हुईलच कसं?"

वीरधवलने समोरचे कागद पुन्हा जवळ ओढले. 

"मी पाठवला होता," दारापाशी स्वप्नाली म्हणाली. आवाज इतका बारीक होता की राजनंदिनी मॅडमना मान वळवावी लागली. "चार एप्रिलला, फोटोसकट. वर लिहिलं होतं, दुसऱ्या मशीनलाही असंच झालंय, सर प्लीज बघा. साहेब म्हणाले, बघतो, तू कुणाला सांगू नकोस, सीझन चालू आहे. तो पोरगा गेला त्याच्या दोन दिवसांनी मला बोलावलं. म्हणाले, पाठवलेली प्रत पुसून टाक, उगाच तुझं नाव येईल. मी घाबरून पुसली. मग म्हणाले, आता तू पाठवल्याचा पुरावा कुठाय? मेल तुझ्याच डब्यात आहे, म्हणजे तूच दाबलास. तुरुंगात तू जाशील."

"आणि मग मी," माया म्हणाली.

स्वप्नालीने तिच्याकडे पाहिलं. "साहेब म्हणाले, तू किंवा ती. त्या सोमवारी त्यांच्यासमोर ताईंचं पाकीट फोडून मेल मीच हलवला. ताई, माझी दोन लेकरं... तुमच्या मागं कुणी नाही, तुम्ही कसंही निभावून न्याल असं वाटलं मला."

मायाला कदाचित बाकी सगळं सोसलं असतं. हे वाक्य ऐकून तिचा चेहरा असा झाला की अर्जुनाने नजर खिडकीबाहेर वळवली.

लालासाहेब मुलाकडे वळले. "चार एप्रिलला वाचलास. मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हीच म्हणाला होतात," वीरधवल म्हणाला. मऊपणा पार गेला होता. "मार्चच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. मे संपेपर्यंत एकही मशीन परत आलेलं मला चालणार नाही. कारण ऐकणार नाही. विचारा राजनंदिनी मॅडमना, त्यांनी लिहून घेतलंय."

राजनंदिनी मॅडमनी वही उघडली नाही. लालासाहेबांनीही विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले.

७

अर्जुनाने सगळे कागद आणि आपला खोटा ठरलेला दाखला पोलिसांना नेऊन दिला, आणि फक्त बेरीज बघून सही केली असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. स्वप्नालीने जबाब दिला आणि नोकरी सोडली. वीरधवलला अटक झाली, नवव्या दिवशी जामीन मिळाला. विकलेल्या सगळ्या ब्लोअरना नवीन कव्हर बसवायची माणसं गावोगाव निघाली. लालासाहेबांनी मायाला परत बोलावलं. ती गेली नाही. कुपवाडच्या सात कंपन्यांनी अर्जुनाला बोलवायचं बंद केलं. भांडण कुणी केलं नाही, नुसता फोन येईना.

जुलैत माया म्हणाली, "मला बिराप्पाच्या आईला भेटायचंय. तिला वाटत असेल मीच मारला."

अर्जुनाने तिला जतकडे नेलं. गावाबाहेर पत्र्याचं घर, पुढे दावणीला दहा-बारा शेळ्या. धोंडुबाई ओंजळीने शेळ्यांपुढे पाला टाकत होत्या. त्यांनी दोघांना घोंगडं टाकून दिलं, पाणी दिलं. माया सांगत गेली. मेल कधी आला, कुणाकडे आला, कुणी वाचला, कुणी कुणावर ढकलला. अवघड शब्द आला की अर्जुना त्यांच्या बोलीत सांगायचा. धोंडुबाई पुन्हा शेळ्यांपुढे पाला टाकत ऐकत होत्या.

"म्हणून सांगायला आले, मावशी. ते पत्र माझ्याकडं आलंच नव्हतं."

"बरं," धोंडुबाई म्हणाल्या. हातातला पाला त्यांनी खाली ठेवला. "आन् आलं असतं तर?"

"काय?"

"तुमच्याकडं आलं असतं, तर तुमी काय केलं असतं?"

माया उत्तर द्यायला लागली आणि थांबली. चौदा वर्षं ती तेच करत आली होती. "मी... वर पाठवलं असतं. वीरधवल साहेबांना. तसा नियम होता."

"मंग?"

"ते म्हणाले असते, बघतो."

"आन् मंग?"

मायाने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. अर्जुनाला वाटलं आपण काहीतरी बोलावं, पण एकेचाळीस दिवसांत ती दुसरं काय करणार होती हे त्यालाही सुचलं नाही.

 धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"त्या दुसऱ्या पोरीला म्या वंगाळ म्हणत न्हाई आन् तुमाला चांगलं म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "च्या ठेवते. पिऊन जावा."